आजी म्हणते दुपारी, पुस्तक म्हणतं सकाळी: वर्गासाठी इतिहासाचा पॉडकास्ट करताना

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अकरावीच्या इतिहासाच्या मॅडमनी प्रत्येकाला दहा मिनिटांचा पॉडकास्ट करायला सांगितलाय. तू पानशेतचा पूर, म्हणजे १९६१ मध्ये पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला पूर, हा विषय घेतलास, कारण तुझी आजी तेव्हा पुण्यातल्या नारायण पेठेत राहत होती, दहा वर्षांची होती. नऊ पानी स्क्रिप्ट लिहून झाली आहे, पण मित्राला वाचून दाखवली तर तो म्हणाला, धडा वाचतोयस असं वाटतं. आजीचं रेकॉर्डिंगही केलंयस. पण ती म्हणते पाणी दुपारी आलं, आणि तू वाचलंयस की धरण सकाळी फुटलं. तेव्हा आजीचा तो भाग कापावा का, साधन म्हणून फक्त मोबाइल असताना आवाज बरा कसा यावा, आणि स्क्रिप्टचं काय करावं, हे तू विचारलंयस.

मी बरीच वर्षं रेडिओसाठी आणि नंतर संग्रहांसाठी लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते: आजीचा भाग कापू नकोस. कापायचीच असतील तर स्क्रिप्टची सात पानं काप.

दुपार आणि सकाळ यांचं आधी बघू. पानशेत पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर, आंबी नदीवर. धरण मातीचं. त्याचं काम पुरतं झालेलं नव्हतं आणि १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदाच एवढं पाणी साठलं. १२ जुलैला, बुधवारी सकाळी ते फुटलं. पण ते पाणी थेट नारायण पेठेत नाही आलं. वाटेत खडकवासला होतं, इंग्रजांच्या काळात, १८७० च्या दशकात बांधलेलं दगडी धरण. पानशेतचं सगळं पाणी त्या जलाशयात घुसलं. खडकवासल्याच्या भिंतीनं ते काही तास सोसलं आणि मग तीही फुटली. म्हणजे त्या दिवशी एक धरण फुटलं नाही, दोन फुटली, आणि मधे काही तास गेले. पुण्यातून वाहणाऱ्या मुठा नदीचं पाणी चढायला लागलं ती वेळ वेगळी, पूल बुडाले ती वेगळी, एखाद्या वाड्याच्या चौकात पाणी शिरलं ती वेगळी. नदीकाठच्या घराला जे सकाळीच दिसलं, ते चार गल्ल्या आत राहणाऱ्याला जेवायच्या वेळेला दिसलं असेल. तुझी आजी तिच्या दारात पाणी कधी आलं ते सांगतेय. पुस्तक धरणाच्या भिंतीची वेळ सांगतंय. दोघांच्या बोलण्यात विरोध आहे असं वाटतं ते, दोघं कुठे उभे आहेत हे आपण विचारलेलं नसतं म्हणून.

आता तू काय करायचंस? आजीकडे परत जायचं आणि घराची जागा नीट विचारायची. कुठला वाडा, नदीपासून किती गल्ल्या आत, तळमजला की माडी. मग नकाशावर ती जागा बघायची. मग पाणी पहिल्यांदा कुठे दिसलं ते विचारायचं: रस्त्यावर, उंबऱ्याशी, की जिन्याच्या कितव्या पायरीवर. एवढं केलंस की तुझ्याकडे असं काहीतरी येईल जे कुठल्याच पुस्तकात नाही. एका ठरावीक दारात, एका ठरावीक वेळी पाणी कसं चढलं याची हकिकत. आणि ती तू तपासून घेतलेली असेल.

कधी कधी असं तपासल्यावरही आठवण चुकीची निघते. तेव्हाही ती टाकून द्यायची नाही. इटलीत तेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं गाव आहे. तिथे १७ मार्च १९४९ ला नाटो कराराच्या विरोधातल्या निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला. पुढे अनेक वर्षांनी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं गावातल्या कामगारांना त्याबद्दल विचारलं, तेव्हा कितीतरी जणांनी ठामपणे सांगितलं की तो १९५३ मध्ये, कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात मेला. कागदावर हे सरळ चूक आहे. पोर्तेल्लीनं ती चूक जपून ठेवली आणि विचारलं की इतक्या लोकांनी एकच मृत्यू एकाच दिशेनं का हलवला? १९५३ ची कपात त्या गावाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव होता, आणि सोबत्याचा मृत्यू त्या घावाशी जोडला गेला तरच त्यांना त्याचा अर्थ लागत होता. मौखिक इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण कधी ना कधी भेटतं. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण आठवणीला कागदाखाली दाबून टाकायचं नाही आणि डोळे मिटून खरंही मानायचं नाही, हे त्यातून कळतं. दोन्ही श्रोत्यासमोर ठेवायचं, कोण काय म्हणतंय ते सांगायचं, आणि फरक का पडला असावा याचा आपला अंदाज अंदाज म्हणूनच द्यायचा.

आता स्क्रिप्टबद्दल. तुझ्या नऊ पानांत धरणाचा इतिहास आहे, कारणं आहेत, नुकसान आहे, सरकारी मदत आहे, चौकशी आहे, नव्या वसाहती आहेत. दहा मिनिटांत हे सगळं फक्त उरकता येतं. बोलताना आपण मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द बोलतो, तेही घाई न करता. त्यात आजीचा आवाज चार मिनिटं धर. तुझ्या वाट्याला सहा मिनिटं, म्हणजे सातशे शब्द. एवढ्यात एकच प्रश्न बसतो. तो आधी ठरव.

मी तुझ्या जागी असते तर हा प्रश्न घेतला असता: पाणी येतंय हे पुण्याला कळलं कसं? बघ, फुटण्याआधी लष्कराचे जवान वाळूची पोती रचून पानशेतचा बांध धरून ठेवायची धडपड करत होते. त्यांच्यामुळे धरण रात्री न फुटता दिवसा फुटलं आणि असंख्य जीव वाचले, असं पुण्यात आजही कृतज्ञतेनं सांगतात. म्हणजे धरण धोक्यात आहे हे काही लोकांना आधीपासून माहीत होतं. मग ४० किलोमीटर खाली झोपलेल्या शहराला ते कधी कळलं, कोणाकडून कळलं, आणि कळल्यावर लोकांनी विश्वास ठेवला का? पुण्यात आकाशवाणीचं केंद्र १९५३ पासून होतं. वर्तमानपत्रं होती. टेलिफोन मोजक्या घरांत. बाकी बातमी माणसाच्या तोंडून माणसाच्या कानात. हा प्रश्न घेतलास की तुझी आजी एपिसोडच्या मधोमध येते. तिला विचार: धरण फुटलं हे तुला पहिल्यांदा कोणी सांगितलं? कुठे उभी होतीस? तो माणूस नेमकं काय म्हणाला? घरातल्या मोठ्यांनी काय केलं? आधी कोणती वस्तू उचलली?

हे प्रश्न कसे आहेत बघ. 'त्या दिवसाबद्दल काहीतरी सांग' असं विचारलं की माणूस तेच सांगतो जे त्यानं याआधी पन्नास वेळा सांगितलंय, आणि तेही वर्तमानपत्रात वाचलेल्या वाक्यांत. 'कसं वाटलं तुला?' विचारलं की उत्तर येतं, 'काय सांगू, फार वाईट वाटलं.' पण 'आधी काय उचललं?' विचारलं की हात आठवतात, कोनाडा आठवतो, तांदळाचा डबा आठवतो. वस्तू विचार, जागा विचार, कोण कोणाला काय म्हणालं ते विचार. भावना त्यातून आपोआप येते.

आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बस. आजी थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. मनात पाच अंक मोज. त्या थांबण्यानंतर जे वाक्य येतं ते बहुतेक वेळा सगळ्यात चांगलं असतं. मधे 'हं हं', 'अच्छा', 'बापरे' करू नकोस, नाहीतर ते तिच्या वाक्यावर बसतं आणि नंतर काढता येत नाही. मान डोलव, डोळ्यांत बघ, तेवढं पुरे. ती रडायला लागली तर रेकॉर्डिंग बंद कर आणि पाणी दे. पुढे चालू ठेवायचं का हे तिनं ठरवायचं. आणि ज्यांचं त्या पुरात कोणी गेलं त्या शेजाऱ्यांची नावं तिनं घेतली असतील तर ती एपिसोडमध्ये ठेवू नकोस. त्यांनी तुला परवानगी दिलेली नाही.

परवानगीचा विषय निघालाच आहे तर: आजी असली तरी तिची परवानगी घे, आणि ती रेकॉर्ड कर. 'आजी, हे मी वर्गात ऐकवणार आहे, मॅडमकडे जमा करणार आहे, चालेल का?' एवढं पुरे. इंटरनेटवर टाकायचं असेल तर ते वेगळं विचार. झालेला एपिसोड जमा करण्याआधी तिला ऐकव. ती म्हणाली की हे वाक्य नको, तर काढ. वाद घालू नकोस.

आता कागद. आजीची आठवण हा एक पुरावा, पण एकाच माणसावर एपिसोड उभा करू नये. १३ जुलै १९६१ पासूनच्या दोन आठवड्यांची वर्तमानपत्रं मिळव. 'केसरी' आणि 'सकाळ' ही दोन्ही पुण्याचीच. जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत आणि त्या त्या वृत्तपत्राच्या संग्रहात असतात. पुणे मराठी ग्रंथालय तर आजीच्याच नारायण पेठेत आहे. तिथल्या ग्रंथपालांना विषय सांगून विचार. ते लोक मनापासून मदत करतात, आणि कुठल्या कपाटात काय आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. जिल्ह्याच्या गॅझेटियरकडे, म्हणजे सरकारनं छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाकडे धावशील तर आवृत्तीचं साल बघ. पुणे जिल्ह्याचं सुधारित इंग्रजी गॅझेटियर १९५४ चं आहे, त्यात पूर सापडणार नाही. मात्र पुराआधीचं शहर कसं होतं, पाणी कुठून येत होतं, हे त्यात आहे.

अंक हातात आला की नुसत्या मथळ्याचा फोटो काढून निघून येऊ नकोस. आतली छोटी निवेदनं वाच. कोणाची शाळा निवाऱ्यासाठी उघडली, पिण्याचं पाणी कुठे मिळेल, हरवलेल्या माणसांची चौकशी कुठे करायची. खडकवासला गेल्यामुळे शहराचा नेहमीचा पाणीपुरवठा तुटला होता. पुरानं वेढलेल्या शहराला प्यायला पाणी नव्हतं, आणि जुन्या विहिरी, पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याचे हौद पुन्हा कामाला आले. आजीला विचार, त्या आठवड्यात घरी पाणी कुठून भरलं. या एका प्रश्नाला मला नेहमी भरभरून उत्तरं मिळाली आहेत. पूर एका दिवसात ओसरला, पाणी भरणं मात्र लोकांना रोज करावं लागलं, आणि जे रोज केलं ते पक्कं आठवतं.

इंटरनेटवरच्या माहितीबद्दल जरा सावध राहा. एक उदाहरण देते, ते तुझ्या स्क्रिप्टमध्येही आहे. 'धरणाच्या भिंतीत आर.सी.सी. नव्हतं म्हणून ती फुटली' असं वाक्य सगळीकडे फिरतं. आर.सी.सी. म्हणजे लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट. आता विचार कर. धरण मातीचं. मातीच्या बांधाच्या भिंतीत आर.सी.सी. नसतंच, आणि अशी मातीची धरणं जगभर उभी आहेत. मग या वाक्याचं मूळ कुठे? मातीच्या बांधाखालून पाणी सोडण्यासाठी एक बंदिस्त नळ काढलेला असतो. पानशेतला त्या नळाचं आणि त्याच्या दारांचं काम अपुरं होतं, आणि त्याच्या बांधणीबद्दल तंत्रज्ञांनी प्रश्न उभे केले. नळाच्या वरची माती खचली, बांध तिथे खाली बसला आणि पाणी वरून गेलं. आर.सी.सी.ची चर्चा त्या नळापुरती होती. एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता 'नळ' गळला आणि 'भिंत' आली. तू जर एपिसोडमध्ये म्हणालास की 'हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, पण धरण तर मातीचं होतं', तर श्रोता तिथे कान टवकारेल. इतिहास शिकतोयस हे तिथे दिसेल.

मृतांच्या आकड्याचंही तसंच. हजाराच्या आसपास असा अंदाज अनेक ठिकाणी दिला जातो, पण आकडे वेगवेगळे आहेत. असा आकडा सांगताना 'हजार माणसं मेली' असं ठोकून देऊ नकोस. 'अंदाज वेगवेगळे आहेत, बऱ्याच ठिकाणी हजाराच्या आसपास सांगतात' असं म्हण. बोलायला चार शब्द जास्त लागतात, लागू देत. मेलेल्या माणसांची संख्या तोंडावर फेकायची गोष्ट नाही.

चौकशीचा भाग तुझ्याकडे दीड पान आहे. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम चौदा महिन्यांचं होतं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री. सरकारनं न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग नेमला. काम चालू असतानाच बावडेकरांचा मृत्यू झाला आणि पुढचं काम न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगानं केलं. हा फार गंभीर आणि गुंतागुंतीचा भाग आहे. तुझ्या प्रश्नाला तो लागत नसेल तर एका वाक्यात सांगून सोड. लोक आयोगाबद्दल जे कुजबुजतात ते पुराव्याशिवाय अजिबात घेऊ नकोस. तुझ्या एखाद्या मैत्रिणीला हाच विषय हवा असेल तर तिनं फक्त आयोगावर वेगळा एपिसोड करावा. नव्या वसाहतींचं, पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिलेल्या घरांचंही तसंच. तो स्वतंत्र एपिसोडचा विषय आहे. आज पुण्यात जी लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगर अशी नावं आपण सहज घेतो, त्यांचा या पुराशी धागा आहे. पण तुझ्या दहा मिनिटांत त्याला जागा नाही.

एका गोष्टीला मात्र जागा कर, असं मला कळकळीनं वाटतं. पानशेतच्या पुराची गोष्ट आपण नेहमी पुण्यातल्या लकडी पुलावर उभं राहून सांगतो. पण पाणी पुण्याला पोचण्याआधी आंबी आणि मुठेच्या काठच्या गावांतून गेलं. तिथे सिंहगडाच्या पायथ्याच्या भागात किंवा खडकवासला गावात तुझ्या ओळखीचं कोणी असेल, वर्गातल्या कोणाचे आजोबा असतील, तर एक फोन कर. दोन मिनिटांची क्लिप मिळाली तरी एपिसोडची उंची वाढेल.

आता लिहिण्याकडे. तुझ्या स्क्रिप्टचं पहिलं वाक्य असं आहे: 'दिनांक १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यामुळे पुणे शहरात प्रचंड जीवित व वित्तहानी होऊन जनजीवन विस्कळीत झाले.' वहीत हे चालतं. कानाला ते एका ओंजळीत पाच वस्तू दिल्यासारखं होतं. श्रोता मागे जाऊन पुन्हा वाचू शकत नाही. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांग. मी ते असं लिहीन:

'बुधवार होता. बारा जुलै, एकोणीसशे एकसष्ट. सकाळी पानशेतचं धरण फुटलं. पानशेत माझ्या आजीच्या घरापासून चाळीस किलोमीटर. ती तेव्हा दहा वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची. तिला हे कळलं ते...'

आणि इथे थांबायचं. पुढचं वाक्य आजीनं तिच्या आवाजात पुरं करायचं. तुझं वाक्य संपायच्या आत तिचा आवाज आला की ऐकणारा पुढे सरकून बसतो. क्लिपच्या आधी 'चला, ऐकूया आजी काय म्हणते' असं म्हणायची गरजच उरत नाही. आणि आजीनं जे सांगितलं ते क्लिपनंतर तू तुझ्या शब्दांत परत सांगू नकोस. तिच्या बोलण्यातून जो नवा प्रश्न निघतो तो घेऊन पुढे जा: 'आजी म्हणते दुपार. मी वाचलं होतं सकाळ. म्हणून मी नकाशा उघडला.'

'करण्यात आले', 'देण्यात आली', 'सदर', 'तद्नंतर' हे सगळे शब्द काढ. कोणी केलं ते सांग. 'पूल पाण्याखाली गेला' पुरतं, 'जलमय झाला' नको. तू घरी जशी मराठी बोलतोस तशीच बोल. आजी पेठेतल्या बोलीत बोलतेय, तू शासकीय परिपत्रकात बोललास तर दोन आवाज एका घरातले वाटणार नाहीत. लिहून झालं की मोठ्यानं वाच. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोड. जिथे जीभ अडते तो शब्द बदल.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरेसा आहे, खरंच. खोली महत्त्वाची. रिकाम्या हॉलमध्ये फरशी आणि भिंतींवरून आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर कशानंही जात नाही. कपड्यांचं कपाट असलेली, गाद्या-उशा असलेली लहान खोली घे. पंखा बंद, फ्रिज दूर, खिडकी लावलेली. कुकरची वेळ टाळ. मोबाइल विमान मोडवर टाक, नाहीतर नेमक्या वाक्यावर कोणाचा तरी फोन येतो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये सगळ्यात वरचा दर्जा निवड, डब्ल्यूएव्ही असेल तर ते.

तुझ्या विषयात एक खास अडचण आहे ती सांगते. पानशेत, पुणे, पूर, पाणी, पूल, पेठ, फुटलं. सगळे शब्द प आणि फ चे. हे उच्चारताना ओठांतून हवेचा झोत निघतो आणि माइकवर धप्प असा आवाज बसतो. फोन तोंडासमोर धरून रेकॉर्ड केलंस तर दर दुसऱ्या शब्दाला धप्प. म्हणून फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण गालाच्या बाजूला, तिरका ठेव. झोत समोर निघून जातो, आवाज मात्र माइकला मिळतो. आधी 'पानशेत फुटलं, पुण्यात पूर' एवढं चार वेळा म्हणून हेडफोननं ऐक. ते स्वच्छ आलं की बाकी सगळं येईल. आजीसाठी मात्र फोन हातात धरू नकोस. तिच्या जवळ, पुस्तकांच्या चळतीवर, खाली रुमाल घालून ठेव. हातात धरला की बोटांची खरखर येते आणि तिची नजर सारखी फोनकडे जाते.

बोलणं सुरू करण्याआधी किंवा संपल्यावर, कोणीही न बोलता, त्या खोलीचा एक मिनिट आवाज रेकॉर्ड कर. प्रत्येक खोलीला आपला एक हलका आवाज असतो. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधे पूर्ण शांतता टाकलीस तर कानाला खड्डा जाणवतो. तिथे हा खोलीचा आवाज भरायचा.

एडिटिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शाळेच्या संगणकावरही चालेल. आजीचं रेकॉर्डिंग आधी पूर्ण ऐकून कोणत्या मिनिटाला काय आहे ते वहीत लिही, मगच कापायला बस. कापताना तिच्या बोलण्याचा अर्थ बदलता कामा नये. तिनं 'मला वाटतं, दुपार असेल' म्हटलं असेल तर 'मला वाटतं' कापायचं नाही. अडखळणं, खोकला, तेच वाक्य दोनदा, हे काढलं तर चालतं. तिचा श्वास मात्र राहू दे. शेवटी सगळ्याचा आवाज एका पातळीला आण. त्यातल्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएस (आवाजाची पातळी मोजायचं एकक) ठेवलं की मोबाइलवरही नीट ऐकू येतं.

संगीताबद्दल माझं मत ठाम आहे. सिनेमातलं गाणं घेऊ नकोस, त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. दुःखी बासरी आजीच्या आवाजाखाली लावू नकोस, ती काय सांगतेय ते ऐकणाऱ्याला कळतंय. आणि इंटरनेटवरून पुराच्या लोंढ्याचा, किंकाळ्यांचा आवाज उतरवून तर अजिबात लावू नकोस. तो १२ जुलैचा आवाज नाही, आणि श्रोत्याला तसा वाटला तर ती फसवणूक होते. आवाज हवाच असेल तर मुठेकाठी जा, पुलावर उभा राहून आजच्या नदीचा आणि रहदारीचा आवाज घे, आणि सांग की हा आजचा आहे. एखाद्या जुन्या इमारतीवर पुराच्या पातळीची खूण सापडली तर तिच्यासमोर उभा राहून, तुझ्या उंचीपेक्षा ती किती वर आहे ते तिथेच बोल. चित्र न दाखवता पाण्याची उंची समजावायचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात माहिती कुठून घेतली ते बोल: कोणत्या तारखेचा कोणता अंक, कोणतं ग्रंथालय, आजी, आणखी कोणी. मार्कांसाठी हे लागेलच, पण जे तपासता आलं नाही तेही तिथेच सांग. मॅडम विचारतील त्याआधी तू सांगितलेलं बरं.

जमा करताना फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे दर्जा घसरत नाही. आणि आजीचं न कापलेलं पूर्ण रेकॉर्डिंग पॉडकास्ट झाला म्हणून पुसू नकोस. फाइलला तारीख आणि जागेचं नाव दे, दोन ठिकाणी ठेव, एक प्रत घरातल्यांना दे. तुझ्या दहा मिनिटांत त्यातली चारच आली आहेत. उरलेल्यात काय आहे ते पुढच्या वेळी, दुसरा प्रश्न घेऊन ऐकशील तेव्हा सापडेल. सध्या आजीकडे जा आणि वाडा नेमका कुठे होता ते विचार.